कपाटातील प्रबंध खुल्या डेटाबेसमध्ये: सांगली-साताऱ्यातील अर्थशास्त्राच्या संशोधकांसाठी

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 मध्ये झाली आणि तेव्हापासून कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत अर्थशास्त्राचे कितीतरी प्रबंध लिहिले गेले. कृष्णाकाठच्या उपसा सिंचन संस्था, सहकारी साखर कारखाने, तासगावची द्राक्षे आणि बेदाणा, माण-खटावचा दुष्काळ, जत-आटपाडीचे स्थलांतर, विटा-खानापूर भागातून देशभर पसरलेले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक, अशा विषयांवर गावोगाव फिरून, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून गोळा केलेली माहिती त्यांत आहे. हे काम बहुतांशी काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव घालून, ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात उभे असते आणि ज्याला ते हवे आहे त्याला ते अस्तित्वात आहे याचाही पत्ता लागत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याच्या तळमजल्यावरील घरात त्याच्या प्रबंधाची स्वतःजवळची प्रत आणि शेतकऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे भिजले. पाणी ओसरल्यावर आम्ही ते गच्चीवर वाळत घातले, पण पाने एकमेकांना चिकटली होती आणि निळी शाई सगळीकडे पसरली होती. टंकलेखनाची फाइल एका जुन्या सीडीवर सापडली. ती उघडली, पण ज्या फॉन्टमध्ये ती टंकली होती तो आता कोणत्याच संगणकावर नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसती अर्थहीन रोमन अक्षरे आली. त्या दिवसापासून मी भेटेल त्या संशोधकाला आपले काम खुल्या डेटाबेसमध्ये टाकण्याचा आग्रह करत आलो आहे. ते कसे करावे हे एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा लेख.

अर्थशास्त्राच्या बाबतीत सुरुवात रेपेकपासून, म्हणजे अर्थशास्त्रीय लेखनाच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या खुल्या जाळ्यापासून करावी. 1993 मध्ये थॉमस क्रिशेल यांनी सुरू केलेल्या नेटेक या प्रकल्पातून 1997 मध्ये रेपेक उभे राहिले. ते आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि त्यात चाळीस लाखांहून अधिक लेख, वर्किंग पेपर (नियतकालिकात छापण्याआधीचे लेख), पुस्तके आणि प्रकरणे यांच्या नोंदी आहेत. येथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण पुष्कळांचा गोंधळ तेथेच होतो. रेपेक मूळ लेख स्वतःकडे साठवत नाही. जगभरातील विद्यापीठे, मध्यवर्ती बँका, प्रकाशक आणि संशोधन संस्था आपापल्या सर्व्हरवर लेखांच्या नोंदी ठरावीक साच्यात ठेवतात. रेपेकशी जोडलेल्या सेवा त्या नोंदी नियमितपणे उचलतात आणि वाचकापुढे मांडतात. त्यांतील आयडियाज ही सेवा अमेरिकेतील सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हरवरून चालते, तर इकॉनपेपर्स स्वीडनमधील ओरेब्रू विद्यापीठाच्या सर्व्हरवरून. दोन्हींकडे नोंदी त्याच असतात. तेव्हा ‘माझा लेख रेपेकवर टाका’ असे कोणी म्हटले, तर तो प्रत्यक्षात ठेवायचा कोठे, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर दोन प्रकारे देता येते: एक तर म्युनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2006 पासून चालवलेल्या एमपीआरए या संग्रहात, किंवा आपल्याच संस्थेच्या संग्रहात. दोन्हींविषयी पुढे सविस्तर लिहितो.

आपला लेख दाखल करण्यापूर्वी त्याच विषयावर आधी कोणी काय लिहिले आहे हे या डेटाबेसमध्ये शोधण्याची सवय लावून घ्यावी. शोधताना जिल्ह्याचे नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे टंकून पाहावे, कारण सांगली हे नाव जुन्या कागदपत्रांत ‘जी’ नंतर ‘ए’ घालूनही लिहिलेले आढळते. हळद, बेदाणा, उपसा सिंचन यांच्यासाठी इंग्रजी प्रतिशब्दाबरोबर मराठी शब्दही रोमन लिपीत घालून पाहावा. शेतीविषयक अर्थशास्त्रासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून चालणारा अॅगइकॉन सर्च हा खुला संग्रह फार मोलाचा आहे, कारण इंडियन जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सचे लेख तेथे पूर्ण स्वरूपात विनामूल्य वाचता येतात. आपल्या भागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते आणि ते त्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांसाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत खेटे घालतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा आहेच. एखादा लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर आयडियाजवर त्याच शीर्षकाची आधीची वर्किंग पेपर आवृत्ती आहे का ते पाहावे. पुष्कळदा ती असते आणि खुली असते.

आता फाइलीकडे येतो. मराठीतून लिहिणाऱ्यांना सर्वांत मोठी अडचण येथेच येते आणि ती कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत लिहिलेली नसते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कागदावर सुबक दिसतो, परंतु संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नसतोच. त्याची पीडीएफ केली तरी शोधयंत्राला त्यात ‘हळद’ हा शब्द सापडत नाही. आपल्या पीडीएफमधील एक ओळ निवडून ती नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. ती जशीच्या तशी देवनागरीत उमटली तर फाइल ठीक आहे. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसला, तर मूळ फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि नंतरच नव्याने पीडीएफ करावी. रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि अर्धा र हमखास बिघडतात, म्हणून एक संपूर्ण वाचन करावेच लागते. ‘वर्ष’ चे ‘वष’ झालेले एखाद्या तक्त्याच्या मथळ्यात राहून गेले, तर वाचक पुढच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. केवळ छापील प्रतच हाती असेल, तर स्कॅन करून त्यावर अक्षर-ओळख चालवावी. मराठीसाठी तिचा निकाल निर्दोष नसतो, पण शोधण्यापुरता उपयोगी पडतो.

लेख मराठीत असला तरी शीर्षक आणि सारांश इंग्रजीतही द्यावेत, कारण या डेटाबेसमधील बहुतेक वाचक त्या दोन गोष्टींवरूनच पुढे जायचे की नाही हे ठरवतात. सारांशाबद्दल आपल्याकडे एक वाईट प्रघात पडला आहे. ‘प्रस्तुत संशोधनात सांगली जिल्ह्यातील हळद विपणनाचा अभ्यास करण्यात आला असून काही उपाययोजना सुचविण्यात आल्या आहेत’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचले आहे की ते एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटते, आणि त्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. माहिती कोणत्या वर्षीची आहे, किती गावांतील किती उत्पादकांना विचारले, ते कसे निवडले, सौदा निघताना प्रत्यक्ष बसून पाहिले की केवळ बाजार समितीची नोंदवही उतरवली, अडत, हमाली आणि तोलाई वजा जाता उत्पादकाच्या हातात काय राहिले, आणि हरिपूरच्या पेवांत माल ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याला त्या ठेवणीचा फायदा झाला की नाही, हे सारांशातच सांगावे. पेव म्हणजे काय हे एका वाक्यात उलगडावे. जमिनीखाली मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात हळद साठवण्याची ही पद्धत बाहेरच्या अभ्यासकाला ठाऊक नसते आणि नेमके तेच आपल्या कामाचे वेगळेपण असते.

त्यानंतर जेईएल संकेत द्यावेत. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचरची ही वर्गीकरण पद्धत अर्थशास्त्रात सर्वत्र वापरली जाते. आपल्या भागातील विषयांना लागणारे काही संकेत लक्षात ठेवण्यासारखे आहेत. क्यू 13 हा शेतमालाच्या बाजारपेठा, विपणन आणि सहकारी संस्थांसाठी आहे, क्यू 14 शेतीच्या वित्तपुरवठ्यासाठी, क्यू 15 जमीनधारणा आणि सिंचनासाठी, क्यू 25 पाण्यासाठी, पी 13 सहकारी उपक्रमांसाठी आणि जे 61 श्रमिकांच्या स्थलांतरासाठी. दोन किंवा तीन नेमके संकेत पुरेत. सुरक्षित वाटावे म्हणून आठ-दहा संकेत देणाऱ्याचा लेख सगळीकडे दिसतो आणि कोणालाच नेमका हवा तेव्हा सापडत नाही. शिवाय नेप नावाची एक सेवा 1998 पासून नव्या वर्किंग पेपरच्या विषयवार याद्या ईमेलने पाठवते. शेती, विकास अशा प्रत्येक विषयाचा संपादक स्वयंसेवी असतो आणि तो शीर्षक व सारांश पाहून निवड करतो. त्या यादीत आपला लेख आला, तर ज्यांना तो हवा आहे त्यांच्यापर्यंत तो आपोआप पोहोचतो.

हक्कांचा प्रश्न टाळू नये. लेख एखाद्या नियतकालिकात छापून आला असेल, तर त्यांच्याशी केलेला करार काढून वाचावा. पुष्कळ प्रकाशक छापील पाने टाकू देत नाहीत, पण परीक्षणानंतर स्वीकारलेले लेखकाचे हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर खुले करू देतात. पूर्वी शेर्पा रोमिओ आणि आता ओपन पॉलिसी फाइंडर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेवेत नियतकालिकाचे नाव टंकले की त्याचे धोरण दिसते. मराठी नियतकालिके तेथे सहसा सापडत नाहीत. अशा वेळी संपादकांना दोन ओळींचे पत्र लिहून लेखी परवानगी घ्यावी. माझ्या अनुभवात मराठी संपादक ती आनंदाने देतात. सहलेखक असेल तर त्याची, आणि लेख प्रबंधावर आधारलेला असेल तर मार्गदर्शकांचीही संमती विचारून घ्यावी, यात सौजन्य आहे आणि पुढची कटकटही टळते.

एवढी तयारी झाली की एमपीआरएवर लेख चढवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खाते उघडावे, पीडीएफ जोडावी, शीर्षक, सारांश, भाषा, संकेत आणि संदर्भसूची भरावी आणि लेख पाठवून द्यावा. संपादक तो अर्थशास्त्राचा आहे का, शैक्षणिक स्वरूपाचा आहे का आणि नोंद पूर्ण आहे का एवढेच पाहतात. तज्ज्ञांचे परीक्षण तेथे होत नाही, म्हणून एमपीआरएवरील लेखाला ‘आंतरराष्ट्रीय प्रकाशन’ म्हणून मिरवू नये. संदर्भसूचीच्या रकान्याचा कंटाळा करू नये, कारण कोणी कोणाचा संदर्भ दिला हे मोजण्यासाठी यंत्राला ती सुट्या स्वरूपात मिळालेली बरी असते. आणखी एक सावधगिरी सांगतो: एकदा खुला झालेला लेख तेथून सहजासहजी पुसता येत नाही. सुधारित आवृत्ती टाकता येते, पण जुनीचा माग राहतो. यामुळे घाईने काही टाकू नये, तक्ते दोनदा ताळून पाहावेत. आणि या कशासाठीही पैसे लागत नाहीत. ‘दोन दिवसांत प्रकाशन आणि इंडेक्सिंग’ असे संदेश मोबाइलवर पाठवून शुल्क मागणाऱ्यांच्या नादी आपले तरुण प्राध्यापक लागतात, तेव्हा ते पैसे आणि ते काम दोन्ही वाया जाते.

लेख आयडियाजवर दिसू लागला की रेपेकच्या लेखक-सेवेत नाव नोंदवावे. ही पायरी वगळणारे खूप आहेत आणि आपल्याकडील नावांमुळे ती वगळणे विशेष महागात पडते. पश्चिमेकडील नाव बहुधा दोन भागांचे असते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात आणि एका लेखावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे, तिसऱ्यावर पूर्ण नाव छापलेले असते. पाटील, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे तर एकेका महाविद्यालयात पाच-सहा जणांची असतात. विवाहानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांचे आधीचे आणि नंतरचे लेखन तर दोन वेगळ्या व्यक्तींचे आहे असेच यंत्र समजते. लेखक-सेवेत नोंदणी करताना आपल्या नावाचे सर्व पर्याय लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा असते. तेथे आडनाव आधी, आडनाव नंतर, पूर्ण मधले नाव, मधल्या नावाचे आद्याक्षर, माहेरचे नाव, स्पेलिंगमधील फरक, असे जे जे कधी छापून आले असेल ते सगळे भरावे. त्यावरून सेवा संभाव्य लेख दाखवते आणि त्यांतील आपले कोणते हे आपण मान्य करायचे. दुसऱ्या पाटलांचा लेख चुकून आपल्या नावावर घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. नोंद पूर्ण झाली की पी या अक्षराने सुरू होणारा एक छोटा ओळखसंकेत मिळतो. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक त्याला जोडून ठेवावा. पुढे दरमहा वाचनसंख्येचा आणि नव्या संदर्भांचा ईमेल येतो. वर्किंग पेपर आणि त्याची छापील आवृत्ती यांचे शीर्षक एकच ठेवले आणि दोन्ही आपल्या नावावर घेतले, तर आयडियाज त्या एकमेकांना जोडून दाखवते. शीर्षकात उगाच फेरफार न करण्याचे हे एक कारण.

इतर ठिकाणांविषयी थोडक्यात. 1994 पासून चालणारे एसएसआरएन हे लेखसंग्रहाचे संकेतस्थळ अर्थशास्त्रज्ञांत लोकप्रिय आहे, पण 2016 मध्ये ते एल्सेव्हिअर या खासगी प्रकाशकाने विकत घेतले, हे ध्यानात असू द्यावे. अर्काइव्ह या खुल्या लेखसंग्रहात 2017 पासून अर्थशास्त्राचा विभाग आहे. तेथे प्रथमच येणाऱ्याला बहुधा आधीच्या लेखकाची शिफारस लागते आणि गणिती किंवा अर्थमितीय स्वरूपाच्या कामाला ती जागा अधिक योग्य. अॅगइकॉन सर्चमध्ये लेख मुख्यतः संस्था, नियतकालिके आणि परिषदा यांच्यामार्फत येतात.

मला अधिक आस्था आहे ती महाविद्यालयाने किंवा जिल्ह्यातील अर्थशास्त्र विभागांनी मिळून स्वतःचा संग्रह उघडण्याविषयी. हे वाटते तितके अवघड नाही आणि त्यासाठी रेपेक काहीही शुल्क घेत नाही. प्रथम रेपेकला लिहून आपल्या संग्रहासाठी तीन अक्षरी संकेत मिळवावा लागतो. मग महाविद्यालयाच्या सर्व्हरवर त्या संकेताच्या नावाचा फोल्डर करून त्यात दोन छोट्या फाइली ठेवायच्या: एक संग्रहाची ओळख सांगणारी आणि दुसरी मालिकेची. प्रत्येक मालिकेला सहा अक्षरी नाव असते आणि त्या नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये लेखांच्या नोंदी जातात. या सगळ्या साध्या मजकूर-फाइली आहेत, नोटपॅडमध्ये टंकता येतील अशा. फक्त त्या यूटीएफ-8 या युनिकोडच्या साच्यात जतन कराव्यात आणि त्यांचा शेवट डॉट आरडीएफ असा असावा. एका लेखाच्या नोंदीची पहिली ओळ नेहमी टेम्प्लेट-टाइपची असते आणि तिच्यापुढे रिडीफ-पेपर 1.0 असे लिहायचे. त्याखाली ऑथर-नेम, टायटल, अॅब्स्ट्रॅक्ट, क्रिएशन-डेट, क्लासिफिकेशन-जेईएल, फाइल-यूआरएल, फाइल-फॉरमॅट आणि शेवटी हँडल. ही नावे प्रत्यक्ष फाइलीत रोमन लिपीतच, मध्ये आडवी रेघ आणि शेवटी अपूर्णविराम देऊन टंकायची असतात. तारीख वर्ष आधी आणि महिना नंतर, म्हणजे 2024-06 अशी लिहावी. दोन लेखक असतील तर प्रत्येकाच्या नावाखालीच त्याच्या संस्थेचे नाव यावे, नाहीतर दुसऱ्याची संस्था पहिल्याला चिकटते. हँडल हा लेखाचा कायमचा पत्ता असतो. तो एकदा दिला की बदलायचा नाही आणि दुसऱ्या लेखाला द्यायचा नाही, मग भले शीर्षकातील चूक दहा वेळा सुधारा.

आमच्याकडे हे करताना दोन ठिकाणी अडले. फोल्डरमधील फाइलींची यादी बाहेरून दिसू देण्याची परवानगी सर्व्हरवर बंद होती आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणाला ती केवळ एका फोल्डरपुरती उघडायची आहे हे समजावण्यात आठवडा गेला. दुसरे म्हणजे एका नोंदीत हँडलमधील अपूर्णविराम टंकायचा राहून गेला होता. इकॉनपेपर्सवर संग्रहाची तपासणी करून चुकांचा अहवाल दाखवणारे पान आहे. ते उघडल्यावर ती चूक एका मिनिटात सापडली, त्याआधी दोन दिवस आम्ही फाइलींकडे नुसते पाहत बसलो होतो.

सर्वेक्षणाची मूळ आकडेवारीही खुली करावी अशी माझी इच्छा असते, आणि त्यासाठी सर्न या संस्थेतून 2013 पासून चालणारे झेनोडो सोयीचे आहे. तेथे फाइलीला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक मिळतो. पण येथे घाई अजिबात करू नये. नाव, मोबाइल, आधार आणि गट क्रमांक काढणे एवढ्याने काम भागत नाही. गावाचे नाव, पाच एकर द्राक्षबाग, दोन बोअर आणि कुटुंबप्रमुख विधवा एवढे चार रकाने एकत्र आले, तर ती बाई कोण हे गावातले शाळकरी पोरही सांगेल आणि तिच्यावर किती कर्ज आहे हे पुढच्या रकान्यात वाचेल. तिने ते आपल्याला ओसरीवर बसून, चहा देऊन, विश्वासाने सांगितलेले असते. म्हणून गावाऐवजी तालुका द्यावा, क्षेत्र गटांत द्यावे, आणि ज्या नोंदी तरीही ओळखू येतील त्या वगळून तसे स्पष्ट लिहावे. पुढच्या सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीतच ‘ही माहिती नावाशिवाय इतर अभ्यासकांना दिली तर चालेल का’ हा प्रश्न घालावा आणि तो उत्तर देणाऱ्याला मराठीत वाचून दाखवावा.

संग्रह उघडणाऱ्या विभागाने आणखी एक काम पहिल्याच दिवशी करावे. संकेत, मालिकांची नावे, शेवटच्या हँडलचा क्रमांक आणि सर्व्हरवर प्रवेश कोणाकडे आहे, हे ग्रंथालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. ज्या प्राध्यापकाने हा संग्रह उभा केला त्याची बदली साताऱ्याहून पंढरपूरला झाली, तरी त्याच्या जागी येणाऱ्याला पुढचा लेख त्याच आठवड्यात चढवता आला पाहिजे.